९ एमएमच्या पुंगळीतला जुना प्राइमर निघत नाही, निघाला तर परत आत जातो

फिनिक्सचा महालकर

नमस्कार मंडळी. मी मूळचा नागपूरचा, महालातला. नोकरीमुळे बरीच वर्षं अ‍ॅरिझोनात, फिनिक्सजवळ. सध्या आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी इथे आलोय. तिला दुपारी झोप लागली की मला काही काम नसतं, म्हणून गॅरेजमध्ये अर्धवट सोडून आलेला घोळ इथे मांडतो. या ग्रुपवर प्रेस टूल, डाय, लेथवाले बरेच आहेत आणि माझा प्रश्न खरं तर त्यांच्याच धंद्यातला आहे.

तिकडे नेमबाजीच्या रेंजवर जायचं आणि उडालेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या घरी पुन्हा भरायच्या, हा रीतसर छंद आहे. मी ९ एमएम पिस्तुलाच्या भरतो. पुंगळीच्या बुडाला मधोमध प्राइमर बसवलेला असतो. बंदुकीची पिन त्यावर आपटली की ठिणगी आणि मग दारू पेटते. पुन्हा भरताना हा उडालेला प्राइमर आधी काढावा लागतो. पुंगळी प्रेसच्या रॅमवर, म्हणजे वरखाली होणाऱ्या दांड्यावर, ठेवायची, हँडल ओढलं की ती वर डायमध्ये जाते. डायच्या मधोमध उभी असलेली पिन पुंगळीच्या तळाच्या भोकातून शिरते आणि प्राइमर खाली ढकलून पाडते. पाडायला हवा, असं म्हणू.

माझ्याकडे तीन तऱ्हा होतात. काही प्राइमर हलतच नाहीत, जोर लावला की पिन वाकते. काहींत पिन प्राइमरच्या पातळ टोपीतून आरपार जाते, मधली चकती पडते आणि कडेची रिंग पुंगळीतच राहते. तिसरी तऱ्हा सगळ्यात डोकं फिरवणारी. प्राइमर निघतो, पिनच्या टोकालाच चिकटून राहतो आणि पुंगळी खाली येताना परत आपल्या जागी जाऊन बसतो. माझा प्रेस एकामागून एक स्टेशनचा आहे. पुढच्या स्टेशनला नवा प्राइमर त्या जुन्यावर दाबला जातो, आणि जिवंत प्राइमर असा चेपणं म्हणजे काय ते सांगायला नको.

पुंगळ्या रेंजवरून उचललेल्या, सरमिसळ. आधी पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिना घालून ड्रममध्ये फिरवतो, मग बादलीत ठेवतो, सवड मिळेल तशा भरतो. अमेरिकन लोकांना विचारलं तर कोणी म्हणतं डाय बदल, कोणी म्हणतं प्रेस बदल. एकाने काच पुसायच्या अमोनियावाल्या लिक्विडमध्ये रात्रभर भिजत घाल म्हणून सांगितलं.

बाबांचं म्हणणं, पुढच्या वेळी येताना मूठभर पुंगळ्या घेऊन ये, इतवारीतल्या ओळखीच्या लेथवाल्याला दाखवू. आणू का?

शनिवारी रेंजवर

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पहिले देतो, कारण बाकी सगळं त्यापुढे किरकोळ आहे. आणू नका. एकही नको, की-चेन म्हणून नको, बॅगेच्या कोपऱ्यात विसरलेलीही नको.

मी नागपुरात नेमबाजी करतो, परवाना आहे, कागदपत्रं सांभाळण्यात केस पिकले. आपल्या शस्त्र कायद्यात, म्हणजे १९५९ च्या, दारूगोळ्याच्या व्याख्येत दारूगोळ्याचे भाग येतात आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. तेव्हा पुंगळी तर सोडाच, ती वाकलेली पिनसुद्धा 'दाखवायला' म्हणून आणू नका. कलम ४५ मध्ये किरकोळ भागांना सूट आहे, हे खरं. पण ती सूट वकिलाने कोर्टात मांडायची गोष्ट आहे. सोनेगाव विमानतळावर एक्स-रे मशीनपाशी उभ्या सीआयएसएफच्या जवानाला कलम समजावत बसलात तर विमान जाईल आणि तुम्ही पोलीस ठाण्यात बसाल. सुप्रीम कोर्टाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात ताब्यात असण्याबरोबर जाणीवही लागते, असं म्हटलंय. त्यावर बॅगेत चुकून राहिलेल्या काडतुसाची पुष्कळ प्रकरणं पुढे सुटतात. सुटेपर्यंतच्या तारखा मात्र आपल्याच.

आणि इथे वाचणाऱ्या पोरांसाठी एक. भारतात घरी बसून काडतूस भरणं हा छंद नाही. त्याच कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो. अ‍ॅरिझोनात चालतं ते अ‍ॅरिझोनात. फोटो पाठवा, व्हर्निअरने मोजून आकडे पाठवा, लेथवाल्याला तेवढं पुरतं.

टूलरूम हिंगणा

भाऊ, बंदुकीतलं मला काही समजत नाही. हातात धरली नाही कधी. पण तुमची तिसरी तऱ्हा वाचली अन् हसू आलं, कारण त्याच तक्रारीवर माझी अर्धी नोकरी गेली. हिंगणा एमआयडीसीत प्रेस टूल बनवत होतो मी, रिटायर होईपर्यंत.

पॉवर प्रेसवर पंच पत्र्यात शिरतो, भोक पाडतो अन् कापलेली टिकली डायमधून खाली पडायला पायजे. काही वेळा ती पडत नाही. पंचाच्या तोंडाला चिकटते अन् पंच वर आला की त्याच्यासोबत वर येते. पुढच्या ठोक्याला नवा पत्रा त्या टिकलीवर, अन् टूलचा तुकडा पडला. ऑपरेटर म्हणते पंच खराब, मालक म्हणते ऑपरेटर खराब. तुमचा प्राइमर हीच टिकली आहे, पिन हा पंच. डाय बदल, प्रेस बदल म्हणणारे लोक आपल्या ऑपरेटरसारखंच बोलून राहिले.

टिकली वर का येते? पंचाचं तोंड सपाट अन् गुळगुळीत असलं, त्यावर तेल किंवा पाणी असलं, की मधली हवा निघून जाते अन् ती पापडासारखी चिकटते. दुसरं, पंच पुरेसा खाली उतरत नाही, टिकली डायच्या तोंडाशीच राहते, तिला परत यायला जागाच जवळ. तिसरं, पंचाचं टोक ठोके खाऊन फुगते, कडेला बर, म्हणजे धातूची उचललेली धार, येते अन् ती मऊ धातूत रुतते. लोखंडाच्या टिकलीला चुंबकत्वाचाही लोचा असते, पण पितळेत तो प्रश्न नाही.

आता तुमच्याकडे पाहा. पाण्यात धुतलेली पुंगळी पूर्ण वाळली नाही, म्हणजे ओलावा आहे. पिन वाकली अन् तुम्ही सरळ करून पुन्हा वापरली असंल, म्हणजे टोक फुगलेलं आहे. मी पैज लावतो, पिनच्या टोकाला भिंगातून पाहिलं तर मशरूम दिसंल.

करायचं ते सोपं आहे. पिन बाहेर काढा. ड्रिलच्या चकमध्ये धरून हळू फिरवा अन् ऑइल स्टोनने कडेची बर पूर्ण काढा. मग टोक सपाट ठेवू नका. एका बाजूने किंचित उतार द्या, म्हणजे ती टोपीला पूर्ण तोंडाने नाही, एका कडेने भिडंल. चिकटायला जागाच उरत नाही. आम्ही पंचाला हेच करत होतो. फार टोकदार मात्र करू नका. तसं केलं तर तुमची दुसरी तऱ्हा वाढंल, टोपी फाडून आरपार.

मोठे पंच असले तर आम्ही मधोमध बारीक भोक पाडून स्प्रिंगवरची पिन बसवत होतो. पंच वर निघाला की ती टिकलीला टिचकी मारून पाडते. तुमच्या दोन मिलिमीटरच्या कामात घरी हे होणार नाही, पण तिकडं स्प्रिंगवाली पिन तयार मिळत असंल तर पैसे तिच्यावर घाला, प्रेसवर नको.

अन् पिन किती खाली ठेवली आहे तेही कळवा.

वरणगावकर निवृत्त

तिसरीचं काकाजींनी सांगितलं, मी पहिलीवर येतो. वरणगावच्या आयुध निर्माणीत होतो, तिथे लहान शस्त्रांची काडतुसंच बनतात. आतल्या प्रक्रियेबद्दल लिहिणार नाही, पण हे तर कुठल्याही पुस्तकात सापडेल.

लष्करी काडतुसात प्राइमर नुसता दाबून बसवत नाहीत. बसवल्यावर त्याच्या भोवतीचं पितळ गोल किंवा दोन-तीन ठिकाणी ठोकून आत वळवतात, त्याला क्रिंप म्हणतात. ऑटोमॅटिक शस्त्रात दणक्याने प्राइमर मागे सरकून यंत्रणेत अडकू नये म्हणून. वर ओल लागू नये म्हणून कडेने लाखेचा थरही असतो. अशी पुंगळी पहिल्यांदा जड जाणारच. तुमच्या सरमिसळीत वर्तुळात अधिकचं चिन्ह असलेल्या पुंगळ्या असतील, तो नाटोचा शिक्का. त्या वेगळ्या काढा आणि सावकाश, एकसारख्या दाबाने काढा. झटका दिला की पिन वाकते. जुना प्राइमर निघाल्यावर क्रिंपची ती कड काढल्याशिवाय नवा बसवायला जाऊ नका. कड रीमरने कापता येते किंवा स्वेज करून मागे दाबता येते.

हलतच नाही अशी दुसरी शक्यता म्हणजे ती पुंगळी तुमच्या कामाचीच नाही. बुडाच्या आत टॉर्च मारून पाहा. मधोमध एक भोक दिसलं तर बॉक्सर पद्धत, तुमची पिन तिथेच चालते. दोन बारीक भोकं कडेला दिसली तर बर्डन. तिच्यात मधोमध पितळेचा ऐरणीसारखा उंचवटा पुंगळीतच घडवलेला असतो. पिन त्याच्यावर आपटते, तुम्ही जोर करता, पिन जाते. गंमत अशी की बॉक्सर हा इंग्रज अधिकारी आणि त्याची पद्धत अमेरिकेत रुळली, बर्डन अमेरिकन आणि त्याची युरोपात. बर्डनवाली काढायची रीत आहे, पुंगळीत पाणी भरून बरोबर बसणारा दांडा वरून हातोडीने ठोकायचा, पाण्याच्या दाबाने प्राइमर उडतो. पण ९ एमएमच्या एका पुंगळीसाठी हा खटाटोप कोणी करू नये. भंगारात टाका.

लिंबूफूल

मी नागपूरचीच, धंतोलीतली. आता ओहायोत कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. नवरा हाच उद्योग करतो, त्यामुळे आमच्या बेसमेंटमध्येही ड्रम फिरत असतो.

तुमच्या पोस्टमधलं 'अमोनिया' वाचून मी चहा बाजूला ठेवला. कृपया नको. अमोनिया आणि ताणाखालचं पितळ यांचं जुनं वैर आहे. ब्रिटिशांच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांत पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांजवळ साठवायचे आणि पुंगळ्या आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि दमट हवा हे त्याचं कारण १९२१ साली तिघा इंग्रज संशोधकांनी नीट सिद्ध केलं. तड बारीक असते, डोळ्याला दिसेलच असं नाही, आणि पुढच्या वेळी तीच पुंगळी तुम्ही चेहऱ्यापासून हातभर अंतरावर उडवता.

तुमची दुसरी तऱ्हा, रिंग मागे राहणारी, ती बहुतेक गंजाची आहे. तुम्ही प्राइमर आत असतानाच पुंगळी पाण्यात धुता. प्राइमर आणि त्याचा खड्डा यांच्या फटीत पाणी शिरतं, बाहेर निघायला वाट नसते आणि वर तुम्ही बादलीत ठेवून देता. आत उडालेल्या रसायनांचे क्षार असतातच. हिरवट थर धरतो, टोपी कडेने घट्ट होते आणि मधे पातळच राहते. मग पिन सगळ्यात कमजोर जागा शोधते, म्हणजे मधली. रेंजवर पावसात पडून राहिलेल्यांचं हेच होतं.

क्रम उलटा करा. आधी प्राइमर काढायचा, मग धुवायचं. त्यासाठी फक्त प्राइमर काढणारी वेगळी डाय मिळते, ती पुंगळीच्या भिंतीला घासत नाही, त्यामुळे मळकी पुंगळी चालते. धुताना भांड्यांच्या साबणाचे दोनचार थेंब आणि चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे आपलं लिंबूफूल. जास्त घातलं तर पितळ गुलाबी पडतं, जस्त सुटू लागल्याची ती खूण. फिनिक्सला वाळवायची चिंता तुम्ही काय करता? टॉवेलवर पसरा, ऊन आहेच. ओव्हन वापरलाच तर शंभर अंश सेल्सिअसच्या आत. अडीचशेच्या पुढे पितळ मऊ पडू लागतं आणि बुडाकडचं पितळ मऊ पडलेली पुंगळी वापरायची नसते.

आणि एक, जे पुरुष मंडळी ऐकत नाहीत. बहुतेक प्राइमरमध्ये लेड स्टिफनेट असतं, सोबत बेरियम आणि अँटिमनीचे क्षार. उडाल्यावर उरणाऱ्या काळ्या पुडीत शिसं असतं. कोरडा ड्रम बंद खोलीत उघडला की ती हवेत उडते. ओल्या धुण्याचा फायदा तोच, ते सोडू नका. काम झाल्यावर हात धुवा, टेबलावर चिवडा नको आणि ते गढूळ पाणी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये तर मुळीच नको. घरात लहान मूल असेल तर हे सगळं दुप्पट.

फिनिक्सचा महालकर

सगळ्यांचे आभार. बाबांना विमानतळाचं वाचून दाखवलं, ते म्हणाले मी सहज म्हटलं होतं.

तिकडच्या रूममेटला व्हिडिओ कॉलवर बादली उपसायला लावली. नाटोच्या शिक्क्याच्या बऱ्याच निघाल्या. दोन भोकांच्या थोड्या सापडल्या आणि त्या सगळ्या लोखंडी होत्या, चुंबकाला चिकटल्या. म्हणजे पिना कुणी वाकवल्या ते कळलं. काकाजी, पिनचं टोक त्याने फोनच्या कॅमेऱ्यातून मोठं करून दाखवलं. मशरूमच. डायच्या तोंडाखाली पिन साधारण २ मिलिमीटर आली आहे.

दोन शंका आहेत. पिन किती खाली हवी? आणि रिंग मागे राहिलेल्या पुंगळ्यांचं काय करू? पितळ टाकवत नाही हो. आमच्या आजीने भंडाऱ्याचं पितळेचं घंगाळ आयुष्यभर कल्हई करकरून वापरलं.

टूलरूम हिंगणा

२ मिलिमीटर म्हणजे तुमचं उत्तर तुम्हीच लिहिलं. प्राइमरची उंचीच जवळपास ३ मिलिमीटर असते ना? खड्ड्यातून पूर्ण बाहेर निघायच्या आधीच तुमची पिन परत फिरून राहिली. प्राइमर खड्ड्याच्या तोंडाशी, अर्धा आत अर्धा बाहेर, अन् पिनला चिकटलेला. परत जाणार नाही तर काय करंल? ५ मिलिमीटरच्या आसपास ठेवा, पण डायसोबत आलेला कागद काय म्हणते ते पाहून. फार खाली गेली तर पिनच्या वरचा जाड भाग पुंगळीच्या तळाला टेकते अन् पुन्हा काहीतरी वाकते. घट्ट करायच्या आधी रिकामी पुंगळी घालून रॅम हाताने हळू पूर्ण वर न्या, अडकत नाही ना पाहा, मग नट कसा.

एक तपासणी रोजची करा. प्राइमर काढलेली प्रत्येक पुंगळी ट्रेमध्ये तोंड खाली, बूड वर ठेवा अन् वरून नजर फिरवा. खड्डे काळे दिसले पायजेत. एखादा चमकला की तो परत गेलेला. तुमच्या एकामागून एक स्टेशनच्या प्रेसवर ही नजर फिरवायला जागाच नाही, म्हणून प्राइमर काढायचं काम त्या प्रेसवर करू नका. एक साधा एकाच ठोक्याचा हाताचा प्रेस त्याला ठेवा. आमच्याकडं प्रोग्रेसिव्ह टूलमध्ये टिकली वर आली की प्रेस थांबवणारा सेन्सर लावत होते, तुमच्याकडं सेन्सर म्हणजे डोळे.

रिंगचं म्हणाल तर रिंग आत राहिलेल्या टाका. रिंग कोरून काढणारे असतात, टॅप फिरवून ओढणारे असतात. त्यात खड्ड्याची भिंत खरवडली की नवा प्राइमर ढिला बसते, कडेने गॅस सुटते. अन् मुख्य म्हणजे ती पुंगळी गंजलेली आहे म्हणूनच रिंग राहिली, हे ताईंनी सांगितलंच. आजीच्या घंगाळाला स्फोट झेलायचा नव्हता. टाकायच्या आधी पकडीने तोंड चेपून टाका, म्हणजे दुसरा कोणी उचलून भरणार नाही.

शनिवारी रेंजवर

काकाजींच्या ट्रेमध्ये माझी भर. बादलीतून घेतलेली प्रत्येक पुंगळी हातात धरून तिचं बूड बघायचं. प्राइमरवर बंदुकीच्या पिनचा ठसा नसेल, म्हणजे तो उडालेला नसेल, तर तिला प्रेसमध्ये घालायचंच नाही. रेंजच्या जमिनीवर न उडालेलेही पडलेले असतात. आणि डोळ्यांवर चष्मा, साधा नंबरचा नाही, कडेनेही झाकणारा.

फिनिक्सचा महालकर

न उडालेल्या सापडल्या तर करायचं काय? तेलात बुडवल्या की प्राइमर मरतो असं ऐकलंय.

वरणगावकर निवृत्त

त्यावर विसंबू नका. तेलाने मेला असं वाटतो आणि वाळल्यावर उडतो, असं होऊ शकतं. रेंजवर निकामी काडतुसांसाठी वेगळा डबा असतो, तिथे नेऊन द्या. घरी ठोकाठोकी नको.

लिंबूफूल

आणि आईंच्या डोळ्यात थेंब घालायच्या आधी हात साबणाने धुता ना? तेवढीच सवय गॅरेजमध्ये लावा.

फिनिक्सचा महालकर

धुतो हो ताई. काकाजी, शेवटचं. उतार नेमका किती अंशाचा?

टूलरूम हिंगणा

अंश मोजायला तिथं प्रोट्रॅक्टर लागणार नाही. टोकाच्या एका कडेवरून स्टोन इतकाच फिरवा की भिंगाखाली अर्ध्याहून कमी तोंड चमकलेलं दिसंल. मग वीसेक पुंगळ्या काढून पाहा. प्राइमर परत आले तर अजून थोडा, टोपी फाटू लागली तर नवी पिन घ्या अन् पहिल्यापासून. पिन स्वस्त आहे, चारपाच घेऊनच ठेवा.